यंत्राच्या सुरालाही बैठक हवी

‘वेगळं होतं.’

प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीताचा कार्यक्रम संपला, की पुण्यात दाराबाहेर चपला शोधताना हे दोन शब्द हमखास कानावर येतात. बोलणाऱ्याला ते संगीत आवडलं की नाही, हे त्यातून कळत नाही. तो सभ्य आहे, एवढंच कळतं. हाच माणूस डिसेंबरात सवाईहून परतताना मारव्याचा धैवत कुठे ढळला, माइकवर तबला गाण्याच्या अंगावर कसा येत होता, सतारीची जवारी किती बंद होती, यावर रिक्षा मिळेपर्यंत बोलत राहतो. म्हणजे कान तयार आहे आणि बोलायला भाषाही आहे. मग यंत्रातून आलेल्या सुरापुढे दोन्ही गप्प का होतात?

‘हे डोक्याचं संगीत आहे, ते सगळ्यांसाठी नसतं’ हे उत्तर कलाकारही देतात आणि न ऐकणारेही देतात. मला ते मान्य नाही. बहुतेक वेळा श्रोत्याला ते संगीत धड ऐकायलाच मिळालेलं नसतं. मिळालं तरी त्याचं म्हणणं कुणी नीट विचारलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी बदलता येतात आणि त्यासाठी लागणारी सभागृहं पुण्यात आजच उभी आहेत. स्वतंत्रपणे, कुठल्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांना शहरानं बैठक द्यावी, असं माझं म्हणणं आहे. मोठं मैदान नको, भिंतीएवढे स्पीकर नकोत. सतरंजी, बंद दार आणि माफक आवाज, एवढं पुरे.

श्रोत्याच्या साध्या शब्दात किती नेमकी माहिती असते, ते आधी पाहू. कलाकारानं पत्र्याचा डबा, सायकलची तार, लोखंडी खुर्ची अशा वस्तूंवर थरथर पकडून तिची वीज करणारी पिएझो चकती चिकटवलेली असते आणि तो नाद लॅपटॉपमध्ये घेऊन त्याचे तुकडे केलेले असतात. ही चकती साधारण २७ मिलिमीटर व्यासाची, पितळी. पसोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत सुटी मिळते. दोन तारा सोल्डर केल्या की माइक तयार. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘सगळं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाजत होतं, पोकळ.’ कलाकाराला वाटतं, यांना प्रयोग समजला नाही. पण श्रोत्यानं दोष अचूक पकडलेला असतो. अशा चकतीची धारकता साधारण २० नॅनोफॅरड धरा. ती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली आणि त्या इनपुटचा अवरोध १० किलोओहम असला, तर सुमारे ८०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) खालचा नाद गळत जातो. डब्याचा सगळा घुमारा त्याच पट्ट्यात असतो. राहते ती वरची कडकड. मध्ये १ मेगाओहम अवरोधाचा छोटा प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधी नाद उचलून धरणारं सर्किट, टाकला, की हीच सीमा ८ हर्ट्झपर्यंत खाली येते आणि डबा डब्यासारखा वाजतो. प्रीअँपचे सुटे भागही त्याच गल्लीत मिळतात.

‘गढूळ वाटलं’, ‘कानाला टोचलं’, ‘डोकं जड झालं’ हे शब्दही असेच उपयोगाचे असतात. गढूळपणा बहुतेकदा २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास साचतो, विशेषतः उघड्या फरशीच्या आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत. टोचतं ते २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये, कारण माणसाचा कान तिथेच सर्वांत तिखट असतो. डोकं जड होतं ते खालचा नाद खोलीत कोंडून राहिल्यामुळे. श्रोत्याला यातला एकही आकडा ठाऊक असायची गरज नाही. तो शब्द देतो, आकडा शोधणं हे वाजवणाऱ्याचं काम. नाटकाच्या तालमीला बसलेल्या जाणत्याचं बोलणं आपण जेवढ्या गांभीर्यानं घेतो, तेवढंच हेही घ्यायला हवं.

आता ऐकण्याच्या साधनाबद्दल. या संगीताशी बहुतेकांची पहिली ओळख मोबाईलच्या स्पीकरवर होते आणि तिथेच ती बिघडते. मोबाईलचा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. तरीही त्यावर तंबोरा ओळखू येतो, गायकाचा खर्जही कळतो. कारण या नादांमध्ये उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, भरपूर गर्दी असते आणि ते उपस्वर ऐकून मेंदू खालचा हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात मात्र कित्येकदा शुद्ध साइन लहर वापरलेली असते. तिला उपस्वर नसतातच. ५० हर्ट्झची अशी लहर मोबाईलवर वाजवली, तर मेंदूला धरायला काहीच उरत नाही आणि स्वर पूर्ण नाहीसा होतो. रचनेचा पायाच त्या लहरीवर उभा असेल, तर श्रोता म्हणतो, ‘यात दहा मिनिटं काहीच होत नाही.’ त्याच्यापुरतं ते शंभर टक्के खरं असतं.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरची गोष्ट वेगळी. त्यातले बरेचसे डावा आणि उजवा भाग एकत्र करून एकाच बाजूनं वाजवतात. रचनाकारानं नाद रुंद वाटावा म्हणून दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींच्या उलट ठेवल्या असतील, तर त्या एकत्र येताच एकमेकींना खाऊन टाकतात. बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतं ते १२८ केबीपीएस एमपी३, म्हणजे बारीक तपशील गाळून लहान केलेली फाइल. तबला-पेटीला त्यानं फारसं बिघडत नाही. पण खरखर, फुसफुस, पावसासारखे बारीक कण यांवर उभ्या असलेल्या रचनेत ती खरखर ओल्या कागदासारखी चिकट होते. विकत घेतल्यावर उतरवता येणारी, काहीही न गाळलेली फ्लॅक फाइल आणि ही फुकटची चव यांत दोन वेगळ्या रचना वाटाव्यात इतका फरक पडू शकतो. मत द्यायचं असेल तर कान झाकणाऱ्या साध्या वायरच्या हेडफोनवर, मूळ फाइल, एकदा सलग ऐकावी. एवढं न करता लिहिलेला अभिप्राय त्या स्पीकरचा असतो, संगीताचा नसतो.

पण हेडफोनवर ऐकणं एकट्याचं असतं. आपल्याकडे कान घडला तो चारचौघांत, शेजारच्याची मान हलताना पाहून. त्यासाठी बैठक लागते. आणि बैठकीत या संगीताला जागा मागितली, की ‘हे आपलं नाही’ ही हरकत लगेच येते.

ही हरकत तपासायला काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, षड्जात लावलेला तंबोरा घ्या. जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, १३८.६ हर्ट्झवर, खर्जाची जाड तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ वर. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारा झंकार, नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून तार सप्तकातला गंधार आपोआप उमटतो. त्यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. हा त्या तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे ३४६.५ हर्ट्झ. आता शेजारी एखादा सिंथेसायझर ठेवून त्यावरचा तोच गंधार शुद्ध लहरीत दाबा. सप्तकाच्या बारा समान भागांच्या हिशेबानं तो ३४९.२ वर येतो. दोन गंधारांत २.७ हर्ट्झचा फरक. त्यामुळे नादात सेकंदाला जवळजवळ पावणेतीन हेलकावे ऐकू येतात. सिंथेसायझरचा स्वर हळूहळू उतरवत नेला, की हेलकावे संथ होतात, लांबतात, आणि दोन्ही गंधार एकमेकांत मिसळले की थांबतात. हे ऐकायला कसलंही शिक्षण लागत नाही. तंबोरे जुळवताना ज्यानं लक्ष देऊन ऐकलं आहे, त्याला ते पहिल्याच फटक्यात कळतं. जगातल्या संथ इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा भाग या हेलकाव्यांवरच चालतो. त्यात सुरावट शोधायची नसते. दोन स्वरांमधलं अंतर कसं बदलतं, ते ऐकायचं असतं.

इतिहासही हेच सांगतो. तंबोऱ्याची घोडी तारेत एवढे उपस्वर का जागवते, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली शोधनिबंध लिहिला. त्याआधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची अंतरं मोजत होते. बावीस श्रुतींवरची त्यांची पुस्तिका १९१० साली पुण्यात छापली गेली आणि त्यांच्या मोजमापाला किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ गाऊन साथ देत. म्हणजे सुराला आकड्यात पकडून पाहण्याचं काम या मुलखात शंभर वर्षांपूर्वी गवयाच्या संमतीनं आणि सहभागानं झालेलं आहे. त्याच किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांच्याकडे शिकले. यंग आणि चित्रकार मेरिअन झझीला यांनी न्यूयॉर्कमध्ये उभी केलेली खोली, जिथे शुद्ध लहरींचा एकच संच अखंड वाजत असतो आणि श्रोता मान हलवताच त्याचा रंग बदलतो, तिच्यावर किराना घराण्याच्या तंबोऱ्याचाही ठसा आहे. आपली ठेव जग फिरून परत दारात आली आहे आणि आपण तिला पाहुणी समजतो आहोत.

भारतातलं कामही जुनं आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशांनी तिथे १९७२ पर्यंत ध्वनिफिती केल्या. त्या कित्येक दशकं कपाटात पडून होत्या. लोकांसमोर संकलन आलं ते २०२३ साली. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग बसवले, ते तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. जवळपास तीस वर्षांनी परदेशात ती तबकडी पुन्हा निघाली आणि मग आपल्याकडे कौतुक सुरू झालं. दोन्ही वेळा संगीत वेळेवर झालं होतं. ऐकण्याची सोय वेळेवर नव्हती.

सोयीच्या आड येणारी खरी धोंड मात्र दुसरीच आहे. पुण्यात ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतली डीजेची भिंत येते. हृदयविकाराचा रुग्ण घरात असलेल्या माणसानं त्या भिंतीचा राग करणं अगदी योग्य आहे, मीही त्याच बाजूचा आहे. पण त्या रागात साधन आणि आवाजाची पातळी या दोन गोष्टी एक झाल्या आहेत. लॅपटॉप आणि दोन स्पीकर घेऊन आलेल्या मुलीला सभागृहाचा व्यवस्थापक ‘डीजे चालणार नाही’ म्हणून परत पाठवतो. ती वाजवणार असते तो आवाज संवादिनी-तबल्याच्या साथीतल्या गाण्यापेक्षा हळू असतो.

नियम काय सांगतो, तेही पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत चालणाऱ्या कार्यक्रमाला त्यातून सूट आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. हे सगळे आकडे ‘ए’ प्रकारच्या मापनाचे आहेत. गोम तिथेच आहे. ‘ए’ मापन खालचे स्वर मुद्दाम कमी धरतं. ५० हर्ट्झला तर ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे ५० हर्ट्झचा १०० डेसिबलचा दणका मीटरवर ७० दिसतो. खिडकीची तावदानं थरथरत असतात, छातीत धडधड होत असते आणि कागदावर सगळं नियमात बसलेलं असतं. ‘सी’ मापनात याच स्वराला जेमतेम सव्वा डेसिबल वजा होतात. मिरवणुकीचा आवाज मोजताना ‘ए’ आणि ‘सी’ असे दोन्ही आकडे नोंदवायला हवेत, ही मागणी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध लढणाऱ्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांनी मिळून करावी असं मला मनापासून वाटतं. खालच्या स्वराची किंमत या दोघांइतकी दुसऱ्या कुणाला कळत नाही. आज मात्र ते एकमेकांचे विरोधक समजले जातात.

पातळीबद्दल एक आकडा आणखी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांसाठी दिलेली कमाल मर्यादा आहे १५ मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबल. बैठकीला त्याच्या जवळपासही जायचं कारण नाही. सरासरी ७२ ते ७५, आणि एखाद्या क्षणी ८५ ते ९०, एवढ्यात उत्तम ऐकू येतं. अट एकच, खोली शांत हवी. ते कसं साधायचं, हे सविस्तर सांगतो, कारण पुण्यातले कार्यक्रम बिघडतात ते बहुतेक इथेच.

चाळीस माणसांची बैठक धरा. शाळेच्या वर्गाहून थोडी मोठी खोली पुरते, साधारण ६ मीटर बाय ८ मीटर. आठ इंची वूफर असलेले दोन अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर (आतच अँप्लिफायर असलेले स्पीकर) आणि शक्य असेल तर एक बारा इंची सबवूफर, ८० हर्ट्झच्या खालचा नाद वाजवणारा. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत, भिंतीपासून निदान पाऊण मीटर पुढे आणावेत. कोपऱ्यात खालचा नाद फुगतो आणि खोली बोलायला लागते. प्रत्येक खोलीला स्वतःचे लाडके स्वर असतात. दोन भिंतींत साडेतीन मीटर अंतर असलेल्या घरच्या खोलीत ४९ हर्ट्झचा स्वर भिंतीशी दणदणतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही. सभागृह मोठं असलं की हे स्वर आणखी खाली जातात, पण जात नाहीत कुठेच. म्हणून आवाज जुळवताना एकाच जागी उभं राहू नये. ३० हर्ट्झपासून १२० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारी एक लहर लावावी आणि खोलीभर चालावं. जिथे एखादा स्वर अंगावर येतो, तिथे माणसं बसवू नयेत किंवा तेवढाच स्वर ईक्यूनं (ठरावीक स्वर कमी-जास्त करायच्या सोयीनं) तीन-चार डेसिबल उतरवावा. जिथे स्वर गायब होतो, तिथे मात्र ईक्यू वाढवून काही उपयोग होत नाही. तिथली सतरंजीच सरकवावी.

खाली बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवर असतो, खुर्चीवरच्याचा सव्वा मीटरच्या आतबाहेर. स्टँड खुर्चीच्या हिशेबानं लावले आणि श्रोते सतरंजीवर बसले, तर वरचे स्वर डोक्यांवरून निघून जातात. स्टँड फार खाली घेतले तर पहिल्या रांगेच्या डोक्यांनी मागच्यांचे स्वर अडतात. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या स्वरांचा भाग, १.१ मीटरवर ठेवून स्पीकर किंचित पुढे झुकवणं, हे मला सर्वांत बरं वाटतं. सतरंजी फक्त वरचे स्वर शोषते. त्याखाली गाद्या टाकल्या तर मधले स्वरही आवरतात. मागच्या भिंतीला घोंगड्यांच्या दोन-तीन घड्या चार बोटं पुढे टांगल्या, तर टाळी वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

पंखा हा या संगीताचा मोठा शत्रू. मिनिटाला ३०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला १५ वेळा हवा कापतो. वरचे स्वर त्या पात्यांवर आपटून परततात, तेव्हा त्यांत तेवढीच थरथर मिसळते. गाण्यात ती लपते. एकसंध चाललेल्या शुद्ध स्वरात ती उघडी पडते आणि श्रोत्याला वाटतं, रचनाच थरथरते आहे. एप्रिल-मेमध्ये पंखे बंद ठेवून माणसं दीड तास बसवणं क्रूरपणाचं होईल. म्हणून असे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी ठेवावेत आणि सलग वादन वीस मिनिटांच्या वर नेऊ नये. मध्ये पंखे लावावेत, दारं उघडावीत.

मग घुमघुम. लॅपटॉपचा चार्जर, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला नाद बाहेर देणारी पेटी) आणि मिक्सर वेगवेगळ्या प्लगांवर असले, की अर्थिंगच्या फेऱ्यातून ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. एरवी ती दोष म्हणून लगेच कळते. इथे मात्र घोटाळा होतो. पांढरी एकचा षड्ज धरला, तर ५० हर्ट्झ हा अगदी खालचा, जरासा चढा पंचम होतो. रचना त्याच षड्जात असेल तर श्रोता तो चढा पंचम रचनेचाच भाग समजून अर्धा तास ऐकतो आणि ‘काहीतरी खटकत होतं’ म्हणतो. तपासायची रीत सोपी आहे. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरचा. मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे दोन्हींमधला विजेचा थेट जोड तोडणारी पेटी, टाका. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका. पेठांतल्या जुन्या इमारतींत वायरिंगचा भरवसा नसतो आणि हातात धातूचं वाद्य असतं.

एवढी तयारी झाल्यावर वाजवणाऱ्यांकडेही काही मागायला हवं. त्यांच्याकडून चुका होतात आणि त्या सांगणारं कुणी नसतं. पत्रिका फक्त इंग्रजीत असते आणि तिच्यात यंत्रांची यादी असते. त्या यादीतून श्रोत्याला कानानं धरायला काही मिळत नाही. पकड सुटली की आवाज वाढवायचा, ही दुसरी खोड. तिसरी, रचना कुठे वळते हे स्वतःला माहीत असूनही श्रोत्याला अंधारात ठेवायचं. समजा, एक आवर्तन १३ सेकंदांचं आणि दुसरं १७ सेकंदांचं असं सोडलं आहे. दोन्ही पुन्हा एकत्र येणार २२१ सेकंदांनी, म्हणजे ३ मिनिटं ४१ सेकंदांनी. आपला श्रोता समेची वाट बघायला जन्मापासून शिकलेला आहे. ‘दोन चक्रं आहेत, पावणेचार मिनिटांच्या सुमारास भेटतात’ एवढं मराठीत सांगितलं, तर तोच श्रोता टक लावून बसेल आणि भेट झाली की त्याच्या तोंडून आपसूक दाद येईल. न सांगितल्यानं गूढता वाढते, हा समज सोडायला हवा.

आणि मग विचारायचं. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर ‘वेगळं होतं’ हेच येणार. लक्ष पहिल्यांदा कधी सुटलं? कुठला नाद खोलीच्या कुठल्या बाजूनं आला? कुठे हात कानाकडे गेला? दोन नाद एकमेकांत मिसळले की एकमेकांवर चढले? असं विचारलं की माणसं बोलतात, आणि आस, घुमारा, कण, खरज, ठोस, पोकळ, बसका, फुटका हे आपले घरचे शब्द आपोआप बाहेर येतात. दोन नादांमधला फरक सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. आठ-दहा मिनिटांची रचना मध्ये पंधरा मिनिटं सोडून त्याच बैठकीत दोनदा वाजवावी. पहिल्यांदा माणूस ओळखीचं काहीतरी शोधत असतो, दुसऱ्यांदा तो ऐकतो. या दोन ऐकण्यांमधला फरक लिहून घ्यावा आणि कलाकारानं तो घरी न्यावा. वर्तमानपत्री परीक्षणापेक्षा त्याला त्याचा उपयोग जास्त होईल.

‘चाळीस माणसांसाठी महापालिकेनं का झिजावं?’ ही हरकत रास्त आहे आणि तिला उत्तरही आहे. सकाळच्या वेळी पालिकेच्या कलादालनांत आणि छोट्या सभागृहांत कितीदा तरी कुलूपच असतं. घोले रोडवरचं राजा रविवर्मा कलादालन असो की उपनगरांतली सांस्कृतिक भवनं, तिथे महिन्यातून एक रविवार सकाळी तीन तास सवलतीच्या दरात मिळावेत, एवढंच मागणं आहे. त्याबरोबर दोन अटी सैल व्हाव्यात. सभागृहाची स्वतःची ध्वनियंत्रणा भाड्यानं घेण्याची सक्ती नको, कारण ती भाषणासाठी लावलेली असते. आणि अर्जात ‘डीजे’ हा रकाना न ठेवता हद्दीवरचा अपेक्षित आवाज ‘ए’ आणि ‘सी’ मापनात लिहून घ्यावा. त्याहून जास्त झाला तर पुढच्या वेळी सभागृह देऊ नये. फिल्म इन्स्टिट्यूटमधून ध्वनिमुद्रण शिकलेली, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत शिकलेली माणसं या शहरात आहेत. मोजमाप करून द्यायला कुणी मिळणार नाही, अशी स्थिती नाही. प्रायोगिक नाटकालाही पुण्यात आधी छोटी जागा मिळाली, शे-सव्वाशे प्रेक्षक मिळाले आणि मग त्याची भाषा घडली. सुदर्शन रंगमंचाच्या आकाराची जागा संगीताच्या प्रयोगाला मिळाली नाही, म्हणून ते एक तर कोरेगाव पार्कातल्या मद्यालयात ग्लासांच्या किणकिणाटात वाजतं किंवा हेडफोनमध्ये एकट्यानं ऐकलं जातं. ग्लासांच्या आवाजात ६० डेसिबलची रचना ऐकवताच येत नाही. मग कलाकार आवाज वाढवतो आणि शेजारची सोसायटी पोलिसांना फोन करते.

पहिल्या बैठकीसाठी एक क्रम सुचवतो. रविवार, सकाळचे साडेदहा. पंखे बंद, दार बंद. आधी तंबोरा, खराखुरा, काळी एकमध्ये लावलेला, चार मिनिटं. कुणी काही बोलायचं नाही. पाचव्या मिनिटाला स्पीकरमधून शुद्ध लहरीचा गंधार ३४९.२ हर्ट्झवर, तंबोऱ्याहून हळू. दोन मिनिटांत तो सावकाश ३४६.५ पर्यंत उतरवायचा आणि हेलकावे थांबले की तंबोरा ठेवून द्यायचा. लहर आणखी अर्धा मिनिट एकटी राहू द्यायची. त्यानंतर त्या दिवशीची रचना.